टेलिफोन, कॅमेरे आणि डेटा पुन्हा एकाच जाळ्यावर आणायचे आहेत. एटीएमच्या काळात हे काम केलेलं कुणी आहे का?

केबलट्रेंच

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका कारखान्यात टेलिकॉम विभागात आहे, चार वर्षं झाली. आमच्याकडे तीन जाळी वेगवेगळी चालतात. मेन एक्सचेंज आणि कॉलनीतलं एक्सचेंज जोडणारी ई-वन (अनेक कॉल एकत्र नेणारी 2 एमबीपीएसची डिजिटल लाइन), प्लांटमधले कॅमेरे आणि ऑफिसचं लॅन. फायबर वेगळी, रॅक वेगळे, मेंटेनन्सचे करारही वेगळे. जेसीबीने केबल तोडली की आधी ती कुणाची हे ठरवण्यातच अर्धा तास जातो. आता वरून आदेश आलाय की पुढच्या शटडाउनमध्ये तिन्ही एकाच इथरनेट बॅकबोनवर घ्या.

जुनी ड्रॉइंग शोधताना 1999 ची एक फाइल हाती लागली. हेच काम तेव्हा एकदा झालेलं दिसतंय, एटीएमवर. पैशांचं एटीएम नव्हे, असिंक्रोनस ट्रान्सफर मोड. तीन स्विच, त्रिकोणात फायबर, 155 एमबीपीएस, आणि त्यावरून आवाज, व्हिडिओ, डेटा सगळं. पुढे 2009 च्या आसपास स्पेअर कार्डं मिळेनाशी झाली म्हणून तिन्ही पुन्हा सुटी केली, एवढं मला जुन्या लोकांकडून कळलं. ते काम करणारे कुणी आता इथे नाहीत.

त्या ड्रॉइंगच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय: "क्लॉक मेन एक्सचेंजकडूनच. बदलू नये." खाली दोन रेघा मारल्यात.

मला विचारायचंय ते असं. त्या काळी साधं इथरनेट सोडून एवढं किचकट प्रकरण का घेतलं? त्या ओळीचा अर्थ काय? आणि आता इथरनेटवर नेताना त्या फाइलमधलं काही माझ्या उपयोगाचं आहे का?

पॅकेटवाला

तुमच्या साहेबांचं बरोबर आहे, इथरनेटवर जा. एटीएममध्ये सगळं 53 बाइटच्या एकसारख्या तुकड्यांतून, म्हणजे सेलमधून जातं. प्रत्येक सेलमागे 5 बाइट हेडर (पत्ता वगैरे), म्हणजे जवळपास साडेनऊ टक्के तिथेच गेले. 155.52 च्या लिंकमधून एसडीएचचं (फायबरवरच्या मांडणीचं) ओव्हरहेड वजा जाता 149.76 उरतात, त्यातून सेलची हेडरं काढली की हातात 135.6. शिवाय 40 बाइटचं साधं टीसीपीचं ॲक (डेटा मिळाल्याची पोच) घ्या. सेलमध्ये भरण्यासाठी त्याला एलएलसी-स्नॅपचे 8 आणि एएएल-5 चे 8 बाइट लागले की 56 होतात. 48 मध्ये मावत नाहीत, मग दोन सेल. 40 बाइटसाठी लाइनवर 106.

एसआयपी फोन (थेट डेटाच्या जाळ्यावर चालणारे) घ्या, आयपी कॅमेरे घ्या, तिघांना तीन व्हीलॅन (एकाच जाळ्यातले वेगळे कप्पे) द्या, आवाजाला प्रायॉरिटी द्या. फाइल परत कपाटात ठेवली तरी चालेल.

जुना_एमडीएफ

पॅकेटवाला यांचे आकडे बरोबर आहेत. पण फाइल कपाटात ठेवू नका. ती पेन्सिलीची ओळ वाचून मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ज्याने ती लिहिली त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्यावर काय प्रसंग आला असणार ते मला माहीत आहे. माझ्यावर तोच आला होता.

रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी एक्सचेंज सांभाळायचो. मेन गेटपासून कॉलनी साडेतीन किलोमीटर. मधे जेली केबल (जेली भरलेली तांब्याची), तिच्यावरून दोन ई-वन. भट्टीवरचे चार कॅमेरे कोॲक्सवर, त्यांचं चित्र कंट्रोल रूमच्या पुढे जायचं नाही. कॉम्प्युटरचं जाळं इमारतीपुरतं, आणि स्टोअर्सला अकाउंट्सशी जोडायला 64 केबीपीएसची मोडेम लाइन. कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की रात्री रेनकोट घालून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन एकेक जोडी तपासत फिरायचं. 1997 मध्ये फायबरला मंजुरी मिळाली, तीही सहा फायबरच्या एकाच केबलला. टेलिफोन, इन्स्ट्रुमेंटेशन आणि ईडीपी (कॉम्प्युटर विभाग), तिन्ही खाती त्या सहा फायबरवर डोळा ठेवून होती. एटीएम आमच्याकडे आलं ते असं. 1998 मध्ये तीन स्विच बसले.

साधं इथरनेट का नाही, हे विचारलंत. 1500 बाइटचं पॅकेट 2 एमबीपीएसच्या लाइनवर चढायला जवळजवळ 6 मिलिसेकंद घेतं. एका रुळावर पुढे मालगाडी आणि मागे लोकल उभी, तसा बोलण्याचा तुकडा त्याच्यामागे अडकतो. कधी अडकतो, कधी अडकत नाही, आणि आवाजाला ही अनिश्चितताच सहन होत नाही. 53 बाइटचा सेल त्याच लाइनवरून 0.2 मिलिसेकंदात निघून जातो. सगळे डबे एका मापाचे केले की कुणाला किती थांबावं लागेल हे आधी सांगता येतं, एटीएमची सगळी मांडणी यावर उभी आहे. आज गिगाबिटवर तेच 1500 बाइट 12 मायक्रोसेकंदांत निघतात, म्हणून डबे लहान करायची गरज उरली नाही. गिगाबिट इथरनेटचं स्टँडर्ड 1998 च्या जूनमध्ये आलं. आमची ऑर्डर त्याच्या आधी गेली होती, आणि तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणतो.

डब्यात 48 बाइटच का, तेही सांगतो, कारण त्यात आवाजाचाच हिशोब आहे. अमेरिकेला 64 हवे होते, युरोपला 32. 1989 मध्ये मधला आकडा धरला. फ्रान्सचा 32 चा आग्रह उगाच नव्हता. टेलिफोनचा आवाज सेकंदाला 8000 बाइट. 48 बाइटचा डबा भरायला 6 मिलिसेकंद थांबावं लागतं, 32 चा 4 मध्ये भरतो. उशीर वाढला की आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. देशभर एको कॅन्सलर बसवायचे की त्याशिवाय भागवायचं, हे त्या दोन-चार मिलिसेकंदांवर ठरणार होतं. मला हा तपशील नेहमी आवडत आलाय. जगभरच्या जाळ्याचं माप दोन माणसांच्या बोलण्यावरून ठरत होतं.

डेटाचं काम पटकन झालं. व्हिडिओने महिनाभर त्रास दिला. भट्टीचं चित्र मोशन-जेपेगमध्ये यायचं आणि आम्ही ते यूबीआरवर टाकलं होतं, म्हणजे उरलेल्या जागेत जाईल तसं जाऊ दे. दिवसा उत्तम. रात्री एकला ईडीपीचा बॅकअप सुरू झाला की चित्राचे चौकोन फुटायचे. 1500 बाइटच्या पॅकेटचे 32 सेल होतात, त्यातला एक हरवला तरी सगळं पॅकेट फुकट जातं. कॅमेऱ्यांना ठरावीक जागा राखून दिली आणि चित्र स्थिर झालं. भट्टीवरच्या फोरमनने मला कंट्रोल रूममध्ये बोलावून दाखवलं, ज्वाळेचा रंग आता रात्रीही ओळखता येतो म्हणाला.

आता तुमची पेन्सिलीची ओळ.

दोन्ही ई-वन सर्किट इम्युलेशनच्या कार्डावरून नेल्या, म्हणजे ई-वनचा सलग प्रवाह सेलमध्ये भरायचा आणि पलीकडे पुन्हा काढायचा. एका ई-वनला 2.048 ऐवजी लाइनवर 2.31 एमबीपीएस लागतात, 155 मध्ये ते काहीच नाही. लोक बोलत होते, एको नाही, तक्रार नाही. कुणी म्हणायचं मधेच टक आवाज येतो, पण जुन्या एक्सचेंजवर असे आवाज ऐकायची सवय सगळ्यांना होती. आठव्या-नवव्या दिवशी कॉलनीतल्या डिस्पेन्सरीतून सिस्टरचा फोन आला. एका ऑपरेटरच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी ईसीजी मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांना फॅक्स केला होता, आणि ते विचारत होते की कागदावर आडवे पांढरे पट्टे का आहेत. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हाही पट्टे, फक्त जागा बदललेली. सिस्टरनी मला विचारलं, "रेघ तुटलीय ती पेशंटची का तुमच्या लाइनची?" त्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. शेवटी ड्रायव्हरला कागद देऊन गाडी मुंबईला पाठवली. पेशंट बरा झाला. ते वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

सप्लायरच्या इंजिनिअरने फॅक्स मशीन बदललं, पॅचकॉर्ड बदलल्या, फायबरवरची पॉवर मोजली. एकही सेल हरवत नव्हता. त्याचं म्हणणं, जाळं स्वच्छ आहे, दोष एक्सचेंजमध्ये. मी एक्सचेंजच्या टर्मिनलपाशी बसलो, त्या ई-वनच्या पोर्टचा स्लिप काउंटर (किती फ्रेम सांडल्या त्याची मोजणी) उघडला आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. साधारण चाळीस सेकंदांनी आकडा एकने वाढला. पुन्हा चाळीस सेकंद, पुन्हा एक. संध्याकाळपर्यंत बघत बसलो, चुकला नाही.

ई-वनची एक फ्रेम 125 मायक्रोसेकंदांची. चाळीस सेकंदांत एक फ्रेम सांडते याचा अर्थ दोन बाजूंची घड्याळं एकमेकांपासून दहा लाखांत तीन भागांनी सरकतायत. आमचं मेन एक्सचेंज टेलिफोन खात्याच्या ट्रंकवरून (त्यांच्या एक्सचेंजकडून येणाऱ्या मुख्य लाइनवरून) घड्याळ घेत होतं, जसं घ्यायला हवं. एटीएमचे स्विच आपल्या पोटातल्या क्रिस्टलवर चालत होते आणि कॉलनीच्या एक्सचेंजला तेच घड्याळ देत होते. आधी जेली केबलवरून बिटांबरोबर घड्याळही आपसूक जायचं, त्यामुळे ते कुणी वेगळं मोजलंच नव्हतं. सेलमध्ये बिटं पोचतात, बिटांची चाल पोचत नाही. ती वेगळी पोचवावी लागते. आवाजात 125 मायक्रोसेकंद गेले तर टक. फॅक्समध्ये गेले तर पट्टा, आणि फॅक्सचं एक पान जायलाच चाळीस सेकंद ते मिनिट लागायचं, म्हणजे जवळपास प्रत्येक पान नासणार. मोठ्या एक्सचेंजांची आंतरराष्ट्रीय दर्जाची दोन घड्याळं जोडली तर अशी स्लिप सुमारे 72 दिवसांत एकदा होते. आमच्याकडे दिवसाला दोन हजारांवर होत होत्या.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पहिल्या स्विचला सांगितलं, तुझं घड्याळ मेन एक्सचेंजकडून येणाऱ्या पोर्टवरून घे. बाकीच्या दोघांना सांगितलं, तुम्ही फायबरवरून या पहिल्याचं घ्या. त्यांनी ते पुढे कॉलनीला दिलं. काउंटर थांबला. त्या रात्री डिस्पेन्सरीतून मुंबईला दहा पानं पाठवली, सिस्टरनी दहाही पानं दिव्याखाली धरून बघितली.

पुढे वर्षभराने कुणीतरी कार्ड बदलताना क्लॉक पुन्हा "इंटर्नल" केलं आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हा मी रॅकच्या दारावर लाल ऑइल पेंटने लिहिलं. तुमच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलं, दोन रेघा मारल्या. अर्थ एकच.

म्हणून विचारतो: कॉलनीचं एक्सचेंज जाणार आहे का राहणार आहे? सगळे फोन एसआयपी झाले तर ही कटकट बऱ्याच अंशी संपते. पण ई-वन राहणार असेल आणि ती इथरनेटवरून न्यायची असेल, तर साधं इथरनेट घड्याळ वाहून नेत नाही. तुम्ही बरोबर 1998 च्या माझ्या खुर्चीत बसलेले असाल.

केबलट्रेंच

सर, तुम्ही एवढं लिहिलंत, मनापासून आभार. कॉलनीचं एक्सचेंज राहणार आहे, बजेटमधून कापलं गेलं. ई-वन इथरनेटवरून न्यायला वेंडरने दोन डबे (उपकरणं) दिलेत. त्यांच्या सेटिंगमध्ये क्लॉक "ॲडाप्टिव्ह" असं आधीपासून निवडलेलं आहे. विचारलं तर म्हणतात आपोआप जुळतं, हात लावू नका.

नोडबी_पुणे

यात मला थोडं बोलायचंय, कारण मी याच गोष्टीत पोळले आहे, फक्त बारा-तेरा वर्षांनी.

आधी एक. एटीएम 2009 ला संपलं असं वाटतं, पण ते आपल्या घरांत होतं. 2005 पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड घेतलेल्या कुणालाही विचारा, मोडेममध्ये व्हीपीआय 0, व्हीसीआय 35 भरल्याशिवाय नेट चालू व्हायचं नाही. तो एटीएमच्या सर्किटचा पत्ता होता. एडीएसएलच्या तारेवर खाली सेलच धावत होते.

मी एका मोबाइल कंपनीच्या थ्रीजीच्या कामावर होते. थ्रीजीच्या पहिल्या स्टँडर्डमध्ये टॉवरपासून आरएनसीपर्यंत (टॉवर सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) एटीएमच होतं. आवाजाचे छोटे तुकडे एएएल-2 या पद्धतीत, एका सेलमध्ये अनेकांचे बसतील असे. एक ई-वन पुरायची नाही म्हणून चार-चार ई-वन आयएमए नावाच्या पद्धतीने एकत्र बांधायचो. डेटा वाढला तसं आम्हाला सांगण्यात आलं की टॉवर इथरनेटवर घ्या. घेतले. स्पीड वाढला, सगळे खूश.

चार-पाच दिवसांनी एका पट्ट्यातले चालू कॉल टॉवर बदलताना तुटायला लागले. प्रवासात असलेल्यांचेच, घरात बसलेल्यांचे नाहीत. टॉवरला आपली फ्रिक्वेन्सी 50 पीपीबीच्या आत ठेवावी लागते, म्हणजे शंभर कोटींत 50 भाग. ती अचूकता टॉवर ई-वनच्या घड्याळावरून घेत होता. आम्ही ई-वन काढून घेतली आणि त्या जागी घड्याळाचं काहीच दिलं नाही. टॉवरमधल्या क्रिस्टलने जमेल तितके दिवस तग धरला, मग सरकायला लागला. म्हणून दोष लगेच दिसला नाही आणि आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो, अँटेनाचे कोन तपासत होतो. सुटलं ते सिंक्रोनस इथरनेट आणि 1588 (इथरनेटवरून घड्याळ पोचवायच्या दोन पद्धती) चालणारी उपकरणं मधे बसवल्यावर.

केबलट्रेंच, ॲडाप्टिव्ह म्हणजे समोरून येणाऱ्या पॅकेटांच्या अंतरावरून घड्याळाचा अंदाज बांधणं. जाळं रिकामं असताना अंदाज छान लागतो. तुमचे कॅमेरे त्याच बॅकबोनवर आले की पॅकेटं मागेपुढे होणार आणि अंदाजही हलणार. वेंडर टेस्ट देतो ती रिकाम्या जाळ्यावर देतो. सगळे कॅमेरे चालू, बॅकअप चालू, अशा रात्री स्लिप काउंटर बघा. आणि मधले स्विच सिंक्रोनस इथरनेट करतात का ते खरेदीच्या कागदावर आत्ताच तपासा, शटडाउनमध्ये नको.

पॅकेटवाला

मी ई-वन राहणार नाही असं धरून चाललो होतो. राहणार असेल तर वरच्या दोघांचं ऐका. माझं "फाइल कपाटात ठेवा" मागे घेतो.

जुना_एमडीएफ

ताईंनी टॉवरचं सांगितलं ते वाचून बरं वाटलं आणि वाईटही. तीच अडचण दर दहा वर्षांनी नव्या माणसाच्या वाट्याला येते.

केबलट्रेंच, वेंडरचं "हात लावू नका" मान्य करू नका. आधी आज जी ई-वन चालू आहे तिचा स्लिप काउंटर शून्यावर आणून एक आठवड्याचा आकडा लिहून ठेवा. नंतर वाद झाला तर तुमच्याकडे आधीचं माप पाहिजे. मग डबे बसवून, कॅमेरे पूर्ण चालवून, रात्रभर. कॉलनीच्या दवाखान्यात अजून फॅक्स असेल तर तिथून बाहेर लांबलचक वीस पानं पाठवा. फॅक्ससारखी परीक्षा दुसरी नाही, तो उदार नसतो.

केबलट्रेंच

तीन आठवड्यांनी लिहितोय. आताच्या ई-वनवर सात दिवसांत स्लिप शून्य. डबे लावले, ॲडाप्टिव्हवर, जाळं रिकामं: रात्रभरात शून्य, वेंडर हसत घरी गेला. दुसऱ्या रात्री बेचाळीसही कॅमेरे आणि सर्व्हरचा बॅकअप सोडला. सकाळी काउंटरवर 19. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आता फॅक्स वापरत नाहीत, पण टाइम ऑफिसात एक मशीन निघालं. वीस पानांतली तीन पट्ट्यांची.

मधले दोन स्विच सिंक्रोनस इथरनेट करतात, तिसरा करत नाही. तो बदलायची नोट आजच साहेबांच्या टेबलावर ठेवली, सोबत ती तीन पानं. त्यांनी पानं बघितली आणि बाकी काही विचारलं नाही. सही झाली.

जुना_एमडीएफ

छान. एकच राहिलं. मेन एक्सचेंजची ट्रंकच तुटली तर घड्याळ कुठून घेणार, ते तुमच्या नोटमध्ये लिहिलंय का? आमच्याकडे पहिल्या पावसात तेच झालं होतं.

केबलट्रेंच

नव्हतं लिहिलं सर. दुसरी ट्रंक वेगळ्या मार्गाने येते, ती दुसऱ्या नंबरवर टाकली. शनिवारी रात्री पहिली ट्रंक एमडीएफवरून (सगळ्या लाइनी जिथे जोडतात त्या फ्रेमवरून) काढून बघणार आहे.